हालचाल समाधानकारक

४ सप्टेंबर

कन्या आणि जावई आज दुपारच्या विमानाने परत गेले. जाण्यापूर्वी त्यांनी घरात यंत्रे बसविली. स्वयंपाकघरात भिंतीवर एक पांढरा डोळा. बाल्कनीच्या दाराजवळ दुसरा. बेडरूममध्ये तिसरा. मुख्य दारावर चुंबकाचे दोन तुकडे; ते दूर झाले की दार उघडले असे समजावयाचे. आणि हॉलमध्ये, राउटरच्या शेजारी, या सर्वांचा मुकादम म्हणून एक डबी, जिला हब म्हणतात. मी स्वयंपाकघरात गेलो की चार तासांच्या विमानप्रवासाइतक्या दूर बसलेल्या कन्येला ते फोनवर कळते.

अट अशी. ही, म्हणजे कन्येची आई, गेल्यानंतर मी एकटा राहू शकतो किंवा कसे, हे तीन महिने पाहावयाचे. हालचाल समाधानकारक असल्यास मी येथेच राहावे. नसल्यास तिच्याकडे जावे. तेथे माझ्यासाठी खोली तयार आहे. खोलीत व्यायामाची सायकल आहे. ती मात्र हलविता येणार नाही, असे जावई म्हणाले.

अट मान्य केली. वजनमापे खात्यात एकतीस वर्षे निरीक्षक होतो. तपासणीचे मला भय नाही. तपासणी हाच माझा व्यवसाय होता.

उद्यापासून: पहाटे उठणे, स्वतः स्वयंपाक करणे, सायंकाळी फिरणे.

५ सप्टेंबर

उशिरा जाग आली. मॅन्युअल वाचावयाचे असल्याने स्वयंपाक लांबणीवर टाकला. बिस्किटे घेतली.

मॅन्युअल उत्तम आहे. हा डोळा वस्तुतः काही पाहत नाही. त्यास केवळ उष्णता कळते, आणि तीही हलत असेल तरच. स्थिर मनुष्य आणि भिंत यांत तो भेद करीत नाही. ही मर्यादा कन्येला ठाऊक असेल असे वाटत नाही.

७ सप्टेंबर

कन्येचा फोन. स्वयंपाकघरात कालपासून कोणी गेलेच नाही असे दिसते, म्हणाली. मी सांगितले की सिग्नल अशक्त आहे.

वस्तुस्थिती अशी की गेलोही नव्हतो. परंतु सिग्नल खरोखरच अशक्त आहे, आणि दोन कारणांपैकी एक सांगणे म्हणजे असत्य नव्हे. राउटर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये लोखंडी कपाट उभे आहे. हातात फोन धरून संपूर्ण घराची सिग्नल-तपासणी केली. कपाटापर्यंत तीन रेघा, कपाटानंतर एक, ओट्यापाशी शून्य. कपाट हलविणे शक्य नाही. त्यात हिचे कपडे आहेत, ते जड आहेत.

१० सप्टेंबर

सिग्नल पुढे ढकलणारे एक उपकरण मागविले आणि पॅसेजमध्ये लावले. आता ओट्यापाशीही तीन रेघा. काम निर्दोष झाले. त्यामुळे एक कारण कमी झाले.

१२ सप्टेंबर

राउटरचा पासवर्ड अत्यंत ढिला होता. कोणाही शेजाऱ्यास ओळखता आला असता. तो बदलून छोटी-मोठी अक्षरे, अंक आणि चिन्हे असलेला नवा ठेवला. नियमाप्रमाणे कोठेही लिहून ठेवला नाही.

१३ सप्टेंबर

पासवर्ड आठवत नाही.

राउटरच्या पाठीवरील छिद्रात टाचणी खुपसून तो मूळ अवस्थेस नेला. त्यासरशी हब, डोळे आणि दार या सर्वांनी राउटरला ओळखण्यास नकार दिला. ती सर्व पुन्हा जोडत असता कोणी दार बडवू लागले. समोरच्या फ्लॅटमधील दंतवैद्य. निवृत्त, अविवाहित, आवाज मोठा. कन्येच्या फोनवर "घर ऑफलाइन आहे" असा इशारा गेला होता आणि तिने त्यांना धाडले होते. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि कन्येला फोनवर सांगितले की घर ऑफलाइन असेल, वडील ऑनलाइन आहेत, फक्त दाढी वाढली आहे.

दाढी उद्या.

१६ सप्टेंबर

कन्येचा फोन, बराच वेळ. आता नेटवर्क व्यवस्थित आहे, तरी अख्ख्या दिवसात स्वयंपाकघरात एकदाच हालचाल का, तीही दोन मिनिटे? बाल्कनीत एकदाही नाही. दार तीन दिवसांत उघडले ते दंतवैद्यांसाठी. जेवता की नाही, असे तिने दोनदा विचारले. सायकल कोठेतरी हलवू, असे जावई मागून म्हणत होते.

शांतपणे विचार केला. मी सुस्थितीत आहे. यंत्र मला सुस्थितीत दाखवीत नाही. म्हणजे दोष मापनात आहे. काट्यात फरक असेल तर काटा जुळवून घ्यावा लागतो. खात्यात आम्ही हेच करीत असू.

याला काटा मारणे म्हणता येणार नाही. तागडीखाली चुंबक लावणारे दुकानदार मी स्वतः पकडले आहेत. तेथे गिऱ्हाइकाच्या पदरी माल कमी पडे. येथे गिऱ्हाईक म्हणजे कन्या, आणि तिला मनःशांती पूर्ण वजनाची मिळेल.

१८ सप्टेंबर

मान फिरविणारा टेबलफॅन दंतवैद्यांकडून उसना आणला. उकडते, असे कारण दिले. स्वयंपाकघरात स्टुलावर ठेवून त्याच्या जाळीला पंचा बांधला. पंचा डावीकडून उजवीकडे मनुष्यासारखा गेला. नोंद शून्य.

उष्णता विसरलो होतो. पंच्याऐवजी गरम पाण्याची रबरी पिशवी बांधली. तत्काळ नोंद झाली. कन्येचा निरोप आला: "स्वयंपाक चाललाय वाटतं, छान." होय, असे कळविले.

१९ सप्टेंबर

पिशवी अर्ध्या तासात निवते. मग उठून स्वयंपाकघरात जावे लागते, पाणी तापवावे लागते, पिशवी भरून बांधावी लागते. दिवसभरात फार खेपा झाल्या.

दंतवैद्य फॅनची चौकशी करण्यास आले आणि त्यांनी सर्व पाहिले. बराच वेळ हसले. म्हणाले, निरीक्षकसाहेब, स्वयंपाकघरात गेल्याचे नाटक करण्यासाठी तुम्ही दहादा स्वयंपाकघरात जाता. त्यापेक्षा त्याच पाण्यात मूठभर तांदूळ टाकलेत तर?

त्यांना विषय कळलेला नाही. त्या खेपा देखभालीच्या आहेत. त्यांची गणना करावयाची नसते. तथापि खेपा बंद करणे इष्ट.

२१ सप्टेंबर

कंबर शेकण्याचा विजेचा पट्टा हिच्या बाजूच्या खणात सापडला. तो फॅनला बांधला. दोन स्मार्ट प्लग आणले: एक पट्ट्यासाठी, एक फॅनसाठी. त्यांना वेळा नेमून देता येतात. आधी पट्टा तापतो, मग फॅन मान फिरवू लागतो. मनुष्यबळाची आवश्यकता उरली नाही.

२२ सप्टेंबर

वेळापत्रक आखण्यात संपूर्ण दिवस गेला. समाधान वाटले.

आदर्श गृहव्यवस्थेचा दिवस कसा असावा याचा शास्त्रीय विचार केला. पहाटे पावणेसहाला स्वयंपाकघर, तास-दीड तास. अकराच्या सुमारास बाल्कनी, थोडा वेळ. मग पुन्हा स्वयंपाकघर. दुपारी तीनला मुख्य दार उघडणे आणि लगेच लावणे. चारला स्वयंपाकघर. तिन्हीसांजेला फिरणे, अर्थात दार. रात्री जेवणाची वेळ. आणि निजण्यापूर्वी पुन्हा एकदा स्वयंपाकघर, अगदी क्षणभर.

यांतील काहींचे प्रयोजन सांगता येत नाही. उदाहरणार्थ, दुपारचे दार. परंतु चांगल्या चालणाऱ्या घरात असे असते. लिहिताना कोठेही अडखळलो नाही.

२४ सप्टेंबर

फॅनला बाल्कनीत नेणे जिकिरीचे. त्याऐवजी बाल्कनीचा डोळाच काढून हॉलमध्ये माझ्या खुर्चीच्या डाव्या हातावर ठेवला आणि त्यावर डब्याचे झाकण पालथे घातले. अकरा वाजता झाकण उचलतो, बोटे हलवितो, झाकण ठेवतो. दाराचे चुंबकही काढून आणले. ते उजव्या हातावर आहेत. दूर केले की दार उघडते, जवळ आणले की लागते.

अशा रीतीने बाल्कनी माझ्या डावीकडे आणि रस्ता उजवीकडे आला. घर आटोपशीर झाले.

बेडरूमच्या डोळ्याचा सेल काढला. तेथे नोंदण्यासारखे काही नसते. मी खुर्चीतच निजतो. पाठीला बरे पडते. कन्येस सांगितले की त्या जातीचा सेल बाजारात मिळत नाही. तिने पुन्हा विचारले नाही.

२७ सप्टेंबर

आठवडा निर्दोष. कन्या फोनवर फार बोलली नाही. बाल्कनीतल्या कुंड्या कशा आहेत, विचारले. आहेत, म्हणून सांगितले. कुंड्या आहेत.

 लाइन तुटली की काय हे पाहण्यासाठी मी राउटरकडे पाहिले. दिवे हिरवे होते. शेवटी ती म्हणाली की असेच चालू ठेवा.

तपासणीस इतक्या लवकर समाधानी होऊ नये, असे माझे मत आहे. परंतु तक्रार करण्याचे कारण नाही.

३ ऑक्टोबर

हालचाल समाधानकारक.

दाढी करण्याचे ठरविले होते. आरसा बाथरूममध्ये आहे.

८ ऑक्टोबर

दंतवैद्यांनी भाजी-पोळीचा डबा आणून दिला आणि समोर बसून राहिले. दोन घास घेतले. ते म्हणाले, तुमचे दात शाबूत आहेत, त्यांना थोडे काम द्या. निवृत्त तुम्ही झाला आहात, ते नव्हेत. फॅनकडे बघून विचारले की तो तरी जेवला का.

ते गेल्यानंतर उरलेले तसेच ठेवले. भूक ही सवयीची बाब असावी. सवय मोडली की तीही मोडते.

१४ ऑक्टोबर

पहाटे स्वयंपाकघरातून फॅनचा आवाज येतो. मान वळविताना तो टोकाला किंचित कुरकुरतो आणि थांबतो. खुर्चीत डोळे मिटून ऐकले. आवाज सहन होण्यासारखा आहे. तेल घालण्याचा विचार होता; तो रद्द केला.

२० ऑक्टोबर

बिस्किटे संपली. ती आणण्यासाठी खरोखर बाहेर जावे लागेल, आणि मग दार खरोखर उघडेल. चुंबक मात्र खुर्चीवर आहेत, म्हणजे त्याची नोंद होणार नाही. नोंद न होणाऱ्या गोष्टी करण्यात अर्थ नाही. पावाची अर्धी लादी आहे.

२५ ऑक्टोबर

हालचाल समाधानकारक. उभे राहताना थोडा अंधार येतो. त्यामुळे फारसा उभा राहत नाही.

२९ ऑक्टोबर (इस्पितळ)

दंतवैद्य काल सकाळी आले. त्यांच्याकडे आमची जादा किल्ली असते. म्हणे, मी खुर्चीत होतो, उत्तरे देत होतो, परंतु प्रश्न वेगळे होते. त्यांनी गाडी बोलावली.

हाताला सलाइन आहे. येथील डॉक्टरांनी विचारले, जेवण कसे होते? मी म्हणालो, माझ्या स्वयंपाकघराच्या नोंदी अत्यंत नियमित आहेत. त्यांनी नोंदी मागितल्या नाहीत. जीभ दाखविण्यास सांगितले.

दंतवैद्यांनी कन्येस फोन केला. तो सर्व त्यांनी मला सांगितला. ते तिला म्हणाले की वडिलांना येथे आणले आहे. ती म्हणाली, असे कसे, मला तर स्वयंपाकघरात हालचाल दिसते आहे. ते म्हणाले, पोरी, तुझे वडील माझ्या समोर पडले आहेत, नाकावर माशी बसली आहे तीही ते हाकलीत नाहीत.  यावर ती म्हणाली, हो काका, आत ते नाहीत, हे मला माहीत आहे.

दंतवैद्यांना याचा अर्थ लागला नाही. मलाही नाही. बहुधा नेटवर्कचा विलंब.

३१ ऑक्टोबर

कन्या आली. घरी सोडले आहे. ताकीद: दिवसातून तीनदा खाणे, पाणी पिणे, चालणे. म्हणजे वेळापत्रक योग्यच होते. अंमलबजावणीत त्रुटी राहिली.

दारातून आत येताच ती थांबली. खुर्ची पाहिली. झाकण उचलून डोळा पाहिला. चुंबक पाहिले. मग स्वयंपाकघरात गेली. चार वाजले असावेत, कारण फॅन सुरू होता. ती तेथे त्याच्यासमोर उभी राहिली. त्याची मान एकदा तिच्याकडे वळे, एकदा ओट्याकडे. मी हॉलमधून सांगितले की पट्ट्याला हात लावू नये, तापलेला असतो.

१ नोव्हेंबर

तिने खिचडी केली आणि मी जेवेपर्यंत काही विचारले नाही. नंतर फोन उघडून माझ्यासमोर धरला. सप्टेंबरपासूनच्या नोंदी, प्रत्येक दिवस म्हणजे एक पट्टी, पट्टीवर निळे ठिपके.

वेळापत्रक कोणी केले, असे तिने विचारले. मी म्हणालो, मी, शास्त्रीय पद्धतीने.

"मग रात्री जेवणं आटोपल्यावर पुन्हा आत कशाला जायचं?"

सांगता आले नाही.

"गॅस बंद आहे का बघायला. आणि दुपारी तीनला दार?"

चांगल्या चालणाऱ्या घरात तसे असते, असे मी सांगितले.

"जिन्यात एक करडी मांजर यायची, बाबा. आई तिला दूध ठेवायची. तुम्ही तेव्हा पेपर वाचत असायचात."

मांजरीविषयी मला कोणतीही माहिती नव्हती. तसे तिला सांगितले. दाराचा आवाज मात्र येत असे, हेही सांगितले.

ती पट्टीवरून बोट फिरवीत राहिली. म्हणाली, "पहिल्याच आठवड्यात ओळखलं मी. ऑफिसात पोचले की आधी हे उघडायचे. पावणेसहाला आई आत गेली. अकराला कुंड्यांपाशी. चारला चहा. मीटिंगमध्येसुद्धा बघायचे टेबलाखाली." मग म्हणाली, "तुम्ही जेवत नसाल हे कळायला हवं होतं मला. पण मला वाटलं, हे तुम्ही माझ्यासाठी लावलंय."

  पाणी मागितले. तिने आणून दिले.

पट्टी पुन्हा पाहिली. ठिपके जागच्या जागी होते. आखताना ते माझे वाटले होते.

३ नोव्हेंबर

जावयांचा फोन. सायकल बाहेर काढली आहे, खोलीला रंग दिला आहे. कन्येने फोन स्पीकरवर ठेवून माझ्याकडे पाहिले.

मी मुद्देसूद निवेदन केले. मुदत तीन महिन्यांची ठरली होती, ती अद्याप पूर्ण व्हावयाची आहे. मध्येच निकाल देणे नियमास धरून नाही. शिवाय येथील नेटवर्क माझ्या हातचे आहे. नव्या ठिकाणी सर्व पुन्हा शिकावे लागेल. शिवाय येथे पहाटेचे आवाज मला सवयीचे आहेत.

शेवटचा मुद्दा निवेदनात नव्हता. तो बोलताना आला.

जावई म्हणाले, बाबा, पहाटेचा तो आवाज टेबलफॅनचा आहे. कन्येने त्यांना गप्प राहण्यास सांगितले आणि उठून बाल्कनीत गेली. कुंड्या रिकाम्या करण्याचा आवाज येत होता.

परत आली तेव्हा हाताला माती होती. म्हणाली, ठीक आहे, मुदत पूर्ण करा.

४ नोव्हेंबर

माझा मुद्दा मान्य झाला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. अटी पुढीलप्रमाणे: फॅन परत. डोळा पुन्हा बाल्कनीत, चुंबक पुन्हा दारावर. बेडरूमच्या डोळ्यात तिने स्वतः सेल बसविला. तो खालच्याच दुकानात मिळाला. दुपारचा डबा दंतवैद्य आणतील आणि समोर बसतील. स्वयंपाकघरात मात्र मी प्रत्यक्ष जावयाचे, रोज.

दंतवैद्य फॅन नेण्यास आले. त्यावरचा पट्टा सोडविताना म्हणाले, बिचाऱ्याने दीड महिना तुमचे घर चालवले, निवृत्तिवेतन द्या काहीतरी. कन्या हसली. ती हसल्याचे मी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते.

टॅक्सीत बसताना तिने खिडकीची काच खाली केली. "वेळ कुठलीही चालेल, बाबा. आईचीच हवी असं काही नाही."

मी म्हणालो, बघू.

५ नोव्हेंबर

पावणेसहाला गेलो. आत शिरल्याची नोंद झाली.

ओट्यापाशी उभा राहिलो. ही या वेळी येथे तास-दीड तास असे. काय करीत असे, हे पाहण्याचा प्रसंग आला नाही. हॉलमध्ये आवाज येत. नळाचा, भांड्याचा, डब्याचे झाकण फिरविल्याचा. नळ सोडून पाहिला. पाणी आले. बंद केला. एक डबा उघडला, त्यात साखर होती. झाकण लावले. त्यापुढे काय असते ते कळेना.

किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. फोन वाजला. कन्येचा निरोप: "आत गेलेले दिसलात. नंतर काहीच नाही. ठीक आहात ना?"

डोळा स्थिर मनुष्यास पाहत नाही, हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट दिले आहे.  भिंतीवरच्या डोळ्याकडे तोंड करून हात वर केला आणि हलविला.

थोड्या वेळाने पुन्हा हलविला.